मधुमेह आणि हिरड्यांचा आजार: आधी साखर की आधी दात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या वडिलांचं वय ६१, टाइप २ मधुमेह बरीच वर्षं, शेवटचं एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ८.६. ब्रश करताना रक्त येतं, तोंडाला वास येतो, खालचे पुढचे दोन दात हलायला लागलेत. दुखत मात्र काहीच नाही. दातांच्या डॉक्टरांनी डीप क्लीनिंग, म्हणजे हिरडीखाली मुळावर बसलेला थर काढणं, सांगितलंय. घरच्यांचं म्हणणं, साखर आटोक्यात येईपर्यंत दातांना हात लावायचा नाही. कुणी सांगितलं की क्लीनिंग केलं की दात आणखी सैल होतात. आणि तुमची स्वतःची शंका अशी की, रक्तातली साखर लाळेत उतरत असेल आणि तीच खाऊन जंतू वाढत असतील, तर अँटिबायोटिकचा एक कोर्स घेऊन काम भागणार नाही का?

उत्तर आधी देतो: क्लीनिंग आत्ताच सुरू करा, साखर खाली यायची वाट बघू नका. अँटिबायोटिकने हे काम होणार नाही. हिरड्यांचेच रुग्ण बघण्यात माझी सगळी प्रॅक्टिस गेली आहे, आणि 'आधी साखर, मग दात' या सल्ल्यापायी वाचण्यासारखे दात गेलेले मी बरेच पाहिले आहेत. आता कारणं सांगतो. सुरुवात तुमच्या शंकेपासून करतो, कारण तिचं उत्तर कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

लाळेत आणि हिरडीच्या कडेतून पाझरणाऱ्या द्रवात साखर वाढते, हे खरं आहे. पण ती साखर खाणारे जंतू दात किडवणारे. स्ट्रेप्टोकोकस म्युटन्ससारखे जंतू साखरेचं आम्ल करतात आणि आम्लाने दात विरघळतो. हिरड्यांचा आजार वेगळा आणि त्यातले मुख्य जंतूही वेगळे. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा त्यातला सगळ्यात अभ्यासला गेलेला जंतू. तो साखरेवर जगतच नाही. त्याला लागतात प्रथिनांचे तुकडे आणि रक्तातलं लोह. हिरडी सुजली की तिच्यातून प्रथिनयुक्त द्रव पाझरतो, ऊती तुटतात, रक्त येतं. म्हणजे सुजलेली हिरडी ही या जंतूंसाठी वाढून ठेवलेली पंगत असते. जंतूंमुळे सूज येते आणि सुजेवर तेच जंतू पोसले जातात. त्यामुळे 'बाबा गोड खात नाहीत, मग हिरड्या का बिघडल्या' हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातो. गोड सोडल्याने किडीचा धोका कमी होईल, साखरही सुधारेल. पण दाताच्या मुळाशी बसलेला थर त्याने निघत नाही.

मग मधुमेहाचा संबंध कुठे येतो? मुख्यतः शरीराच्या प्रतिकारात. तोंडात जिवाणूंच्या सातशेच्या आसपास प्रजाती सापडल्या आहेत. निरोगी माणसाच्या तोंडातही दातांवर थर जमतोच. डेन्मार्कमध्ये हॅराल्ड ल्यो यांनी १९६५ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. चांगल्या हिरड्या असलेल्या तरुणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. दोन-तीन आठवड्यांच्या आत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणं पुन्हा सुरू केल्यावर काही दिवसांत सूज उतरली. म्हणजे थर जमला की सूज कुणालाही येते. फरक पडतो तो पुढे. काही जणांची सूज हिरडीपुरती राहते. काहींची खाली उतरते, दात धरून ठेवणारे तंतू आणि हाड खाऊ लागते. मधुमेह आटोक्यात नसेल तर दुसऱ्या गटात जाण्याची शक्यता बरीच वाढते.

साखर सतत चढी राहिली की ती शरीरातल्या प्रथिनांना चिकटते आणि त्यांची रचना बदलते. हिरडीतल्या कोलॅजनचंही तसंच होतं. ते ताठ होतं, त्याची नवी घडण मंदावते. ही बदललेली प्रथिनं पेशींवरच्या खास ग्राहकांना (रिसेप्टरना) चिकटतात आणि पेशी सूज वाढवणारी रसायनं जास्त सोडू लागतात. त्यात संरक्षक पांढऱ्या पेशींचा गोंधळ असतो. त्या जंतूंपर्यंत पोहोचण्यात, त्यांना गिळण्यात कमी पडतात, पण आजूबाजूच्या ऊतींवर मात्र विकरं (एन्झाइम) ओतत राहतात. जंतू मरत नाहीत आणि हिरडी झिजते. हाडाचं म्हणाल तर रोज थोडं झिजून थोडं भरत असतं. मधुमेहात भरण्याची बाजू लंगडी पडते.

जंतूंचं मिश्रणही या सगळ्यात बदलतं. २०१७ मध्ये उंदरांवर केलेलं एक काम मला या विषयात फार महत्त्वाचं वाटतं. मधुमेही उंदरांच्या तोंडातले जंतू घेऊन ते पूर्ण जंतुविरहित वाढवलेल्या, मधुमेह नसलेल्या उंदरांच्या तोंडात सोडले. त्यांच्यात सूज आणि हाडाची झीज जास्त झाली. मधुमेही उंदरांमध्ये इंटरल्यूकिन-१७ नावाचं सूज वाढवणारं रसायन रोखल्यावर तेच जंतू पुष्कळ निवळले. म्हणजे साखरेने सूज वाढवली, आणि सुजेने जंतूंची वस्ती अधिक घातक केली. उंदरांचं सगळंच माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही, पण रुग्णांत जे दिसतं त्याच्याशी हे चित्र जुळतं.

आकड्यांत बघायचं तर अमेरिकेतल्या ॲरिझोनामध्ये गिला नदीकाठी राहणाऱ्या पीमा समाजात टाइप २ मधुमेहाचं प्रमाण फार जास्त आहे आणि तिथे वर्षानुवर्षं पाहणी झाली आहे. मधुमेह असलेल्यांना हिरड्यांचा आजार नव्याने होण्याचं प्रमाण मधुमेह नसलेल्यांच्या अडीच पटींहून जास्त निघालं. त्याच समाजातल्या १९९६ च्या अभ्यासात उलटी बाजूही दिसली: ज्यांच्या हिरड्या सुरुवातीलाच फार खराब होत्या, त्यांची साखर पुढच्या दोनेक वर्षांत हाताबाहेर जाण्याची शक्यता सुमारे सहा पट. डोळे, मूत्रपिंड, नसा यांच्या बरोबरीने हिरड्यांच्या आजारालाही मधुमेहाची 'सहावी गुंतागुंत' म्हणावं, असं ल्यो यांनीच १९९३ मध्ये लिहिलं होतं. तरी आजही मधुमेहाच्या तपासणीत पायांकडे बघितलं जातं, डोळ्यांकडे पाठवलं जातं आणि तोंड उघडायला बहुधा कुणी सांगत नाही.

उलटी बाजू, म्हणजे हिरड्या साखर कशा बिघडवतात, हे लोकांना पटायला जड जातं. एवढीशी हिरडी, तिचा रक्तातल्या साखरेशी काय संबंध? पण दाताभोवतीच्या पॉकेटची, म्हणजे दात आणि सुटलेली हिरडी यांच्यामधल्या खोल फटीची, आतली बाजू सपाट पसरली तर मध्यम ते गंभीर आजारात ती साधारण ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरते. एवढी उघडी, जंतूंनी भरलेली जखम हातावर असती तर कुणी महिनाभरही थांबलं नसतं. तोंडात ती दिसत नाही. चावताना, घासताना त्या जखमेतून जंतू आणि त्यांचे अंश रक्तात जातात. शरीरभर कमी पातळीची सूज धुमसत राहते, यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन हे सुजेची खूण असलेलं प्रथिन जास्त बनवतं, आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ यांसारखी सूज वाढवणारी रसायनं स्नायू आणि चरबीच्या पेशींना इन्सुलिनकडे दुर्लक्ष करायला लावतात. गोळ्या त्याच, पथ्य तेच, तरी साखर हलत नाही. याला हिरड्या हे एक कारण असू शकतं. एकमेव नव्हे.

मग हिरड्यांवर उपचार केल्याने साखर उतरते का? २०१३ मध्ये पाचशेहून जास्त रुग्णांवरच्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीचा निष्कर्ष आला: काही फरक नाही. त्यावर बरीच वादावादी झाली. माझं मत टीकाकारांच्या बाजूने आहे, कारण त्या चाचणीत उपचारांनंतरही बऱ्याच जागी थर शिल्लक होता आणि रक्तही येत होतं. हिरड्याच नीट बऱ्या झाल्या नाहीत, तर साखरेवर काय परिणाम दिसणार? २०१८ मध्ये लंडनमधल्या चाचणीत २६४ रुग्ण होते. एका गटावर कसून उपचार केले, गरज होती तिथे शस्त्रक्रियाही केली, वर्षभर पाठपुरावा ठेवला. वर्षअखेर त्यांचं एचबीए१सी दुसऱ्या गटापेक्षा ०.६ ने कमी होतं. वेगवेगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात ३५ चाचण्या पाहिल्या: तीन-चार महिन्यांनी सरासरी ०.४३, सहा महिन्यांनी ०.३०, वर्षाने ०.५० इतकी घट. 'मधुमेहाचं दुसरं औषध जोडल्याइतका फायदा' असं आमच्या क्षेत्रात उत्साहाने सांगितलं जातं. मी ते इतकं ताणत नाही. ८.६ चं ८.१ किंवा ८.२ होईल, कदाचित होणारही नाही. औषधं, आहार, चालणं यांची जागा क्लीनिंग घेत नाही. पण दात वाचवण्यासाठी जे करायचंच आहे, त्याने साखरही थोडी खाली येत असेल तर ते पुढे ढकलायला कारण उरत नाही.

साखर चढी असताना हात लावू नये हा समज पूर्ण निराधार नाही, म्हणून तो नीट वेगळा करू. साखर फार चढलेली असेल तर जखम हळू भरते, संसर्गाची भीती जास्त असते. त्यामुळे इम्प्लांट, हिरडीची नियोजित शस्त्रक्रिया अशा ज्या गोष्टी थांबू शकतात त्या थांबवाव्यात. पण पॉकेट साफ करणं म्हणजे असलेला संसर्ग काढणं. तो आत ठेवून साखर उतरायची वाट बघणं उफराटं आहे. ८.६ हे काही थांबायचं कारण नव्हे. खूप तहान लागणं, सारखं लघवीला जाणं, झपाट्याने वजन उतरणं असं काही चालू असेल तर मात्र आधी मधुमेहाच्या डॉक्टरांकडे जा.

क्लीनिंगने दात सैल होतात, हे बोलणं इतकं का टिकून आहे याचं कारण सोपं आहे. टार्टर, म्हणजे दातावर चढून कडक झालेला थर, कधी कधी इतका जाड असतो की दोन दातांमधली जागा त्यानेच भरलेली असते. खाली हाड आधीच गेलेलं असतं. तो थर निघाला की फट दिसते, दात लांब दिसतात, मुळं उघडी पडल्याने थंडगार पाणी काही दिवस झिणझिणतं. सूज उतरल्यावर हिरडी आकसते, मग फट अजून डोळ्यांत भरते. रुग्णाला वाटतं, काल हे नव्हतं. ते होतंच, झाकलेलं होतं. तुमच्या वडिलांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्या बैठकीला ते येणारच नाहीत.

दुखत नाही म्हणून गंभीर नाही, असंही समजू नका. हा आजार बहुधा शेवटपर्यंत न दुखता चालतो. वडील सिगारेट ओढत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा; तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा आकसतो, रक्त कमी येतं आणि आजार दडून राहतो. हिरड्यांच्या आजाराच्या नव्या वर्गीकरणात मधुमेह्याचं एचबीए१सी ७ किंवा जास्त असणं आणि रोज १० किंवा जास्त सिगारेट, या दोन्हींपैकी काहीही असलं की आजार वेगाने वाढणाऱ्या गटात धरला जातो.

आता अँटिबायोटिक. दातावरचे जंतू सुटे तरंगत नसतात. ते स्वतः तयार केलेल्या चिकट आवरणात थरावर थर लावून बसतात, आणि त्या अवस्थेत औषधाला मोकळ्या जंतूंपेक्षा कितीतरी कमी दाद देतात. थर मोडला नाही तर गोळ्यांनी चार दिवस रक्त थांबेल, वास कमी होईल, आणि महिन्या-दोन महिन्यांत सगळं पूर्ववत होईल. दरम्यान पोट बिघडेल आणि प्रतिकारक जंतू निवडले जातील. क्लीनिंगच्या जोडीला अँटिबायोटिक देण्याची वेळ येते, पण ती निवडक रुग्णांमध्ये. केवळ मधुमेह आहे म्हणून सरसकट नाही. औषधाच्या दुकानातून स्वतःहून आणून घेऊ नका. क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या उपचारांच्या काळात आठवडा-दोन आठवडे ठीक. महिनोन्‌महिने केल्या तर दात तपकिरी पडतात, चव बिघडते, आणि पॉकेटच्या तळापर्यंत तो द्रव पोहोचतही नाही. टूथपेस्टनंतर लगेच वापरला तर त्याचा असर कमी होतो, मध्ये अर्धा तास जाऊ द्या.

डीप क्लीनिंग म्हणजे काय, ते बघा. आधी प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खुणा असलेली बारीक सळई घालून पॉकेटची खोली मोजतात. १ ते ३ मिलिमीटर ठीक. ४ पासून काळजी. ६ आणि पुढे म्हणजे ब्रश-दोरा काही पोहोचत नाही. हे मोजमाप लिहून घेतलं आहे का आणि एक्स-रे काढला आहे का, ते विचारा. मोजल्याशिवाय केलेल्या उपचारांचा उपयोग झाला की नाही हे कुणालाच कळत नाही. मग भूल देऊन मुळावरचा थर मशीनने आणि हाताच्या अवजारांनी काढतात, तोंडाचा एकेक भाग घेत. साधारण दोन ते तीन महिन्यांनी पुन्हा मोजतात. तेव्हाच एचबीए१सीही करा. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगत असल्याने ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्याआधी केलेली फसवी ठरेल. बहुतेक पॉकेट तोवर उथळ झालेली असतात. काही खोल राहिली आणि रक्त येत राहिलं तरच शस्त्रक्रियेचा विचार.

उपचारांच्या दिवशी उपाशी जाऊ नका. ही चूक फार होते. जागेवरची भूल द्यायची असेल तर नेहमीसारखं खाऊन, नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जायचं. सकाळची वेळ मागा, ग्लुकोजच्या गोळ्या खिशात ठेवा. गोळी घेतली आणि खाल्लं नाही, तर खुर्चीवर घाम फुटून साखर उतरेल. झोपेच्या औषधाखाली काही करायचं ठरलं असेल आणि वडील डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा गटातलं औषध घेत असतील, तर ते आधी किती दिवस बंद ठेवायचं हे मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारा. उपाशीपोटी ते चालू राहिलं तर साखर फार न वाढताही रक्तात आम्ल वाढू शकतं.

औषधांची पूर्ण यादी दाताच्या डॉक्टरांना दाखवा, यामागे आणखी दोन कारणं आहेत. मधुमेहाबरोबर रक्तदाब असतोच बऱ्याचदा, आणि अ‍ॅम्लोडिपिन, निफेडिपिन यांनी काहींच्या हिरड्या फुगतात. दोन दातांमधून हिरडीच्या गाठी वर आलेल्या दिसत असतील तर तसं सांगा. गोळी स्वतःहून थांबवू नका, पर्याय असतो का ते फिजिशियन ठरवतील. दुसरं, तोंडात बुरशी झाली तर दिलं जाणारं मायकोनाझोल जेल ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्यांचा परिणाम वाढवून साखर एकदम उतरवू शकतं. तोंडात लावायचं औषध म्हणून ते यादीत कुणी धरत नाही.

घरी काय करायचं? रक्त येतं म्हणून त्या जागी ब्रश न लावणं बंद. मऊ ब्रश, हिरडीच्या कडेला थोडा तिरका धरून, दिवसातून दोन वेळा. पण खरा फरक पडतो तो दातांमधल्या ब्रशने. या वयात, एवढ्या फटी असताना दोऱ्यापेक्षा तो सोपा आणि जास्त उपयोगी. त्याची मापं असतात. दातांच्या डॉक्टरांकडून कुठल्या फटीत कोणतं माप ते दाखवून घ्या, आणि वडिलांच्या हातांनी करून बघा. मधुमेहात बोटं बधिर असतील, नजर कमी असेल तर जाड मुठीचा किंवा इलेक्ट्रिक ब्रश लागेल. आठ-दहा दिवसांत रक्त कमी व्हायला हवं. यानंतर दर तीन महिन्यांनी तपासणी आणि सफाई, निदान पहिली दोन वर्षं. काढलेला थर पुन्हा जमतोच, आणि खोल पॉकेटमधले जंतूही काही आठवडे-महिन्यांत परततात.

एक गोष्ट तुमच्यासाठी. टाइप २ मधुमेह आणि हिरड्यांचा गंभीर आजार, दोन्हींचा कल घराण्यात असतो. तुमची हिरड्यांची मोजणी आणि उपाशीपोटीची साखर एकदा होऊन जाऊ द्या. तसंच, ओळखीत कुणाच्या हिरड्यांना वेगवेगळ्या जागी वारंवार गळवं होत असतील आणि मधुमेह माहीत नसेल, तर त्यांनी साखर तपासून घ्यावी.

ते दोन हलणारे दात आत्ताच काढून टाकू नका. हलण्याचा काही भाग हाड गेल्याचा असतो, तो परत येणार नाही. काही भाग सुजेचा असतो, तो उतरतो. साफ केल्यावर तीन महिन्यांनी किती हलतात ते बघून ठरवा. थोडेच हलत असतील तर शेजारच्या दातांना आतून बांधून ते वर्षानुवर्षं चालवता येतात. वरखाली दाबले जात असतील, तर मात्र काढावे लागतील. तोवर पुढच्या दातांनी कडक काही तोडू नका. आणि यादरम्यान कधीही जबड्याखाली किंवा गालावर सूज पसरली, ताप आला, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास झाला, तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मधुमेहात असा संसर्ग काही तासांत मानेकडे उतरू शकतो.